नऊपैकी सहा

देवळाली प्रवरा
९ जून २०२५

अहो,

फोन सोडून पत्र काय लिहिते, असं म्हणाल. फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता, आणि मी जरा कुठे मुद्द्यावर आले की "राजनंदिनी मॅडम बोलावतायत, ठेवतो" म्हणता. पत्रात मधूनच कोणी बोलावत नाही. शिवाय मी फोन कानाला लावला की आत्याबाई नेमक्या माझ्याच शेजारी लसूण सोलायला बसतात, लेकाचा आवाज ऐकू यावा म्हणून. तेव्हा हे शांतपणे वाचा आणि शांतपणे उत्तर द्या.

मुद्दा असा. मेमध्ये तुम्ही सुट्टीला आलात. मी मुळा धरणावरून ताजा रोहू आणवला, कालवण केलं, तव्यावरची भाकरी वाढली. तुम्ही वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, एक घास तोंडात घोळवला आणि म्हणालात, "सहा." मला वाटलं आज सहा भाकऱ्या खाणार. मग कळलं, नऊपैकी सहा. लग्नाला चार वर्षं झाली, माझ्या हाताला आजवर कोणी मार्क दिले नव्हते. आत्याबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं नाही. "मासे धरनाऱ्याच्या पोराला माशाचा वास घ्यायला सरकार पगार देतं. आमी जल्मभर फुकट घेतला."

वर आणि ठेचा नको, कच्चा कांदा नको, पान नको, सोमवारी कामावर नाक लागतं. मी केसाला मोगऱ्याचं तेल लावलं तर म्हणालात, धुऊन टाक. तेही धुतलं. पण निघताना सहज बोलून गेलात, "राजनंदिनी मॅडम मासा कसा वाफवतात ते एकदा बघायला पाहिजे, मीठसुद्धा लागत नाही." तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. म्हणजे रोज सकाळी एक बाई तुम्हाला मासा वाफवून देते, तुम्ही डोळे मिटून खाता, आणि त्याला सरकारी नोकरी म्हणतात. तिला किती देता, सात की आठ? मला राग आलेला नाही. नुसतं विचारते.

बाकी ठीक. आमच्या बचत गटाच्या बायका म्हणतात, माशाचं लोणचं काढून विकू. मासा आणायला आणि माल पोचवायला तुमच्या वर्गातला हर्षल टेम्पो देतो म्हणाला. बरणीवर नाव काय घालावं ते सुचवा.

सृष्टी

———

मुंबई
१७ जून २०२५

सृष्टी,

सहा म्हणजे वाईट नव्हे. आमच्या तक्त्यात सहाच्या पुढे "थोडं आवडलं" असं छापलेलं आहे. हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की यानं काही बरं होणार नाही, पण आता खोडत नाही. सवयीनं तोंडातून गेलं. चुकलं.

आता मॅडमचं. इथे काय चालतं ते एकदा नीट सांगतो म्हणजे तुझ्या डोक्यातून जाईल. मासळीचा नमुना आला की त्याचे बरेच भाग होतात. एक भाग यंत्राकडे जातो, त्यात पारा, शिसं, औषधांचे अंश बघतात. एक जंतू बघणाऱ्यांकडे. त्यांनी जंतूंच्या बाजूनं ठीक आहे म्हटलं तरच उरलेला आमच्या नाक-जिभेकडे येतो. आम्हाला प्रत्येकाला वेगळा पांढरा खण असतो, परीक्षेला बसवल्यासारखं. समोर छोटी खिडकी. खिडकीतून ताटली येते, तिच्यावर फक्त नंबर. कोणाचा मासा, कुठला, काही माहीत नसतं. मॅडम पलीकडे पिशवीत बंद करून मासा वाफवतात, कारण मीठ-मसाला घातला तर खोट कळत नाही. मी घास चावतो आणि थुंकून टाकतो. कोमट पाण्यानं चूळ भरतो, पुढची ताटली. मॅडमचा मला दिसतो तो फक्त हातमोजा.

म्हणजे मी तिच्या हातचं खात नाही. थुंकतो. हे वाचून तरी झोप लागेल.

लोणच्याची कल्पना चांगली आहे. पण टेम्पो हर्षलचाच कशाला? भीमाकाकांची जीप आहे की. हर्षल शाळेत असताना माझ्या डब्यातलं मला न विचारता खायचा. ती खोड अजून गेलेली दिसत नाही. आईला सांग, मी बरा आहे.

कानिफनाथ

———

देवळाली प्रवरा
२९ जुलै २०२५

अहो,

हातमोजा दिसतो म्हणता. लहान आहे की मोठा, तेही लिहायचं होतं. बोटात अंगठी आहे का, ते हातमोज्यातूनही कळतं. तुमच्या नाकाला एवढं कळतं, तर डोळ्याला का कळू नये?

असो. आमचं लोणचं निघालं आणि धडाक्यात चाललंय. नाव ठेवलं "मुळाकाठ", तुम्ही सुचवलं नाहीत म्हणून आम्हीच ठेवलं. काटे काढून तुकडे तळते, लसूण अख्ख्या पाकळ्यांचा भाजून घालते, आंबट अगदी बेतानं, तुमच्यासाठी करते तसंच. गटातल्या बायका म्हणाल्या, सृष्टी, लिंबू वाढव, लोणचं आहे. मी म्हटलं, माझा हात जसा बसलाय तसाच चालू द्या. चव सगळ्यांना आवडते. भीमाकाकांच्या जीपचा गिअर पडतो सारखा, त्यामुळे टेम्पो हर्षलचाच आहे. पहिल्या बरणीचं झाकण त्यानं उघडलं, बोट बुडवलं आणि म्हणाला, "वहिनी, दहापैकी दहा." तो नऊवर थांबत नाही.

खरी बातमी पुढे आहे. नगरला बचत गटांचं प्रदर्शन होतं. आमचा गाळा लागला होता, बायकांची झुंबड. तेवढ्यात अन्न खात्याचे साहेब आले. मी घाबरले, पण त्यांनी नीट समजावलं. लोणचं घेतलं, त्याचे चार भाग केले, चारी बाटल्या बंद करून लाख लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या. साक्षीदार लागतो म्हणाले, तर हर्षलनं सही केली. साहेब म्हणाले, माशाचा पदार्थ असल्यामुळे एक भाग मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत जाईल आणि तिथे फक्त नंबर कळतो, नाव नाही. मी मनात म्हटलं, जाऊ द्या, ओळखीच्या नाकापुढेच चाललंय.

तेव्हा अहो, आता माझी बरणी खिडकीतून तुमच्या पुढ्यात येईल. एक घास तरी गिळा, थुंकू नका. आणि या खेपेला नऊ द्या. गटाच्या बायका माझ्या शब्दावर उभ्या आहेत, दिवाळीची मागणी आत्तापासून यायला लागलीय. अहवाल चांगला आला की दुकानांत ठेवायला परवाना. आत्याबाई गल्लीभर सांगत फिरतात की सून कारखानदार झाली.

सृष्टी

———

मुंबई
१३ ऑगस्ट २०२५

सृष्टी,

त्या बरणीबद्दल मला एक अक्षर विचारू नकोस. फोनवरही नको. मला बोलता येत नाही आणि मी बोलणारही नाही. अहवाल साहेबांकडून येईल तेव्हा येईल.

गणपतीला यायचं जमत नाही. आईला तूच सांग.

कानिफनाथ

———

देवळाली प्रवरा
३० ऑगस्ट २०२५

अहो,

एवढुशा चार ओळी पाठवल्यात तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी आपली वाट बघत बसले, म्हटलं कामात असतील.

अहवाल आला. "असुरक्षित." एवढा मोठा शब्द माझ्या लोणच्याला. उरलेला माल विकायचा नाही, विकलेला परत मागवायचा. मी कागद शेवटपर्यंत वाचला, इंग्रजीतलं हर्षलनं वाचून दाखवलं, आणि तपासणाऱ्याच्या सहीवर येऊन थांबले. राजनंदिनी.

म्हणजे माझी बरणी खिडकीतून तुमच्याकडे आलीच नाही. खिडकीच्या पलीकडेच राहिली. तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर तोंड शिवून घेतलंत. तुम्ही माझी बरणी उचलून त्या बाईच्या हातात दिलीत का? सरळ विचारते, सरळ सांगा. तिच्या बिनमिठाच्या माशापुढे माझं लोणचं नको झालं का तिला? विचारा तिला, पोट भरलं का.

इथे माझी काय अवस्था आहे ते ऐका. परवा गटाच्या बैठकीत कोणी मला काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाणी प्यायला दिलं आणि खाली बघून बसल्या. आत्याबाई गल्लीतून जायच्या बंद झाल्यात, मागच्या दारानं जातात. "व्हय गं, पोरगं तिथंच हाय ना आपलं? मग असं कसं हुतं?" मी काय सांगू? तुमच्या पोराला मॅडमचा हातमोजा गोड लागतो असं सांगू?

कायद्यानं आम्हाला अपील करता येतं, दुसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येतो. हर्षल म्हणतो, वहिनी, मी घेऊन जातो, साहेबांना भेटू, काय लागेल ते करू. निदान कोणीतरी माझ्याबरोबर चालायला तयार आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते. त्यानंतर अपील तर करीनच, आणि बॅग भरून राजूरला माहेरीही जाईन. तुम्ही मग दिवाळीला या नाहीतर नका येऊ, वाफवलेला मासा तिकडे मिळतोच.

सृष्टी

———

मुंबई
६ सप्टेंबर २०२५

सृष्टी,

अहवाल बाहेर पडला, आता मी बोलायला मोकळा आहे. सगळं सांगतो. राजूरला जायचं की नाही ते नंतर ठरव.

हो, बरणी मीच मॅडमकडे जाऊ दिली. कशी ते ऐक.

तो नमुना माझ्याच टेबलावर आला होता. त्या दिवशी चवीचं काम नव्हतं, यंत्रावर आंबटपणा मोजायचं माझ्याकडे होतं. बाटलीवर नंबर, बाकी काही नाही. मी झाकण उघडलं आणि भाजलेल्या लसणाचा वास आला, अख्ख्या पाकळ्यांचा. आंबट वास जवळजवळ नाहीच. लिंबू बघून तोंड वाकडं करणारा नवरा जिच्या घरात आहे, तीच बाई असं लोणचं करते. मला नंबर बघायची गरज उरली नाही.

आता पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहितो. तू हातमोज्याचं माप विचारणारी बाई आहेस, तुला अर्धवट सांगून चालायचं नाही. मला आनंद झाला नाही. मी जळलो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी आंबट कालवण बाजूला सारलं, तेव्हा तू काही न बोलता दुसऱ्या दिवशीपासून हात बदललास. ही चव तेव्हाची आहे. आपल्या स्वयंपाकघराबाहेर ती कधी गेली नव्हती. आणि आता ती बाटलीत भरून नगरच्या गाळ्यावर, आणि तिच्यात पहिलं बोट हर्षलचं. साक्षीदार हर्षल. दहापैकी दहा देणारा हर्षल. मी इथे लोकांचे मासे थुंकत बसलोय आणि माझ्या वाटचं लोणचं सगळा जिल्हा खातोय. तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात आलं, हे नापास झालं तर टेम्पो बंद होईल.

मी झाकण लावलं आणि मोठ्या मॅडमकडे, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेलो. म्हटलं, नमुना माझ्या घरचा निघाला, दुसऱ्या कोणाला द्या. आमच्याकडे तसा नियमच आहे. त्यांना वाटलं, बायकोला पास करायचा मोह नको म्हणून बाजूला होतोय. "शाबास," म्हणाल्या. मी ती शाबासकी तशीच घेतली. मला पास करायची भीती नव्हती, नापास करायची होती. मी मोजलं असतं आणि वाईट निघालं असतं, तर ते लोणचं वाईट होतं की माझं मन, हे मला जन्मभर कळलं नसतं.

म्हणून तो नमुना राजनंदिनी मॅडमकडे गेला. त्यांना फक्त नंबर माहीत होता. अजूनही तेवढाच माहीत आहे.

आता लोणच्याचं. ते चवीत नापास झालेलं नाही, चव कोणी घेतलीच नाही. आंबटपणाचा एक आकडा असतो, तो जितका कमी तितकं आंबट जास्त. लोणच्यात तो साडेचारच्या आत लागतो. तुझ्या लोणच्याचा सव्वापाच भरला. मासा, वर तेलाचा थर, घट्ट झाकण, आत हवा नाही आणि आंबट पुरेसं नाही. अशा जागी एक जंतू वाढू शकतो, आणि त्याच्या विषानं माणूस दगावतो. वाईट याचं की त्या विषाला वास नसतो, चव नसते. माझ्या नाकालाही कळलं नसतं. मी नऊच दिले असते. घरी तू करतेस तेव्हा मी ते दोन जेवणांत फस्त करतो, म्हणून आजवर काही झालं नाही.

थोडक्यात, तू आंबट कमी घातलंस माझ्यासाठी, आणि नेमकं तेच अडलं. हे मला मॅडमच्या टेबलावरचा आकडा बघून कळलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

अपील कर, तुझा हक्क आहे, मी अडवणार नाही. पण दुसरीकडेही आकडा हाच येईल. त्याआधी विकलेल्या सगळ्या बरण्या परत आण, एकही कोणाच्या घरात राहू देऊ नकोस. याला उशीर नको, हर्षलचा टेम्पो घे, त्याच्याइतकं घरन्‌घर कोणाला माहीत नाही. हे मीच लिहितोय, लक्षात घे. मग लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर वाढव. आकडा बघायच्या कागदी पट्ट्या नगरला शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकतात तिथे मिळतात. पट्टीनं अंदाज येईल, विक्रीआधी मात्र प्रयोगशाळेतून तपासून घे.

राजूरला जाऊ नकोस. म्हणजे जायचं तर जा, आई-दादांना भेटायला जा. रागानं जाऊ नकोस.

कानिफनाथ

———

देवळाली प्रवरा
२१ सप्टेंबर २०२५

अहो,

पत्र आलं तेव्हा मी बॅग काढून ठेवली होती. उभ्यानं वाचायला घेतलं, मग उंबऱ्यावर बसले. आत्याबाई म्हणाल्या, काय लिव्हलंय? मी म्हटलं, तुमचा लेक जळतो. त्या म्हणाल्या, "बापावर गेलाय. त्यांना तर माझ्या भावाचं पन खपायचं न्हाई." आणि बॅग उचलून माळ्यावर ठेवून आल्या.

आधी लोणच्याचं सांगते. बरण्या परत आल्या. विषाचं ऐकल्यावर हर्षल असा काही टेम्पो हाकत सुटला, राहुरीपासून श्रीरामपूरपर्यंत दारोदार गेला. दोन बरण्या रिकाम्या मिळाल्या, त्या घरची माणसं धडधाकट आहेत, मी स्वतः जाऊन बघून आले. आणि एक भलतीकडेच निघाली. ती हर्षलनं टेम्पोतच ठेवली होती, रोज डब्याबरोबर खायला. तुमचं पत्र मी त्याला तेवढंच वाचून दाखवलं, तर गडी पांढरा पडला आणि तडक डॉक्टरकडे गेला. काही झालेलं नाही. पण आता मला वहिनी म्हणताना लांब उभा राहतो. तुमच्या डब्यातलं खायची खोड त्याची सुटली म्हणायची.

सगळा माल शेतात खड्डा खणून पुरला. गटातल्या बायका सोबत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, माझा हात तुमच्या जिभेला बसला होता हेसुद्धा. त्या इतक्या हसल्या की मी चिडले. पण तिढा सुटला. पट्ट्या आणल्या. लिंबू वाढवलं, व्हिनेगर घातलं, पट्टीचा रंग बदलला. अपील केलं नाही, नवीन नमुना साहेबांकडे स्वतःहून नेऊन दिला. या खेपेला साक्षीदार म्हणून आत्याबाईंनी सही केली. बघू काय होतं ते. दिवाळीची मागणी गेली ती गेली.

नवीन लोणचं सगळ्यांना जास्तच आवडतं. मला घशाखाली उतरत नाही. आंबट ढाण आहे. जगाला असंच लागतं, तर जगाला असंच देईन.

राजनंदिनी बाईंचं. त्यांनी बरोबर केलं, हे मला पटलं. त्यांच्यामुळे कोणाच्या घरी रडारड झाली नाही, हेही पटलं. त्यांच्यासाठी नव्या लोणच्याची एक बरणी बाजूला काढलीय, तपासून आलं की पाठवते. हातमोज्याचं मात्र तुम्ही अजून सांगितलेलं नाही. विसरले असं समजू नका.

आणि तुम्ही. चार वर्षांत तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत की कालवणातलं आंबट कमी झालेलं तुमच्या ध्यानात आलं होतं. मला वाटायचं, या माणसाला काही कळत नाही, ताटात येईल ते खातो. सगळं कळत होतं. अनोळखी बाटलीचं झाकण उघडून तुम्ही मला ओळखलंत आणि हातातली बाटली खाली ठेवलीत, हे मी आत्याबाईंना सांगितलेलं नाही. तेवढं माझ्याजवळ ठेवलंय. मी इतके दिवस त्या खिडकीपलीकडच्या बाईवर जळत बसले, आणि तुम्ही माझ्याच लोणच्यावर जळत होतात. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

तुमचं लोणचं मी सोडलेलं नाही. भाजलेला लसूण, आंबट नावालाच. पण ते आता बरणीत जाणार नाही. वाटीतच राहील, केलं की त्याच दिवशी संपवायचं. त्याचं पार्सल होत नाही, ते टेम्पोनं येत नाही, पोस्टानं येत नाही. त्यामुळे दिवाळीला तुम्हालाच यावं लागेल. मॅडमना सांगून, नाकाला सुट्टी देऊन या. आणि घास घेतल्यावर तोंडातून आकडा निघाला, तर वाटी तिथल्या तिथे उचलून घेईन.

मोगऱ्याचं तेल मी लावणार आहे.

सृष्टी